करपलेले पॅनकेक आणि माझी साक्ष

प्रिय लाव्हॉन हिस,

जुन्या मैत्रिणीचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघं बरे आहोत. ड्वेनला कानाचं यंत्र मिळालंय. आता त्याला सगळं ऐकू येतं, पण बायकोचं ऐकायची सवय राहिलेली नाही.

पत्रास कारण की, परवा आमच्या गावच्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये मी एक पराक्रम केला. दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडूनच ऐक. शाळेतली केल्सी आणि तिचा भाऊ कॅमेरा घेऊन आले होते. युद्धावर गेलेल्यांच्या आठवणी पुढच्या पिढ्यांसाठी रेकॉर्ड करून ठेवायच्या, असा त्यांचा बेत. वार शनिवार, म्हणजे पॅनकेकच्या न्याहारीचा. पुरुष माजी सैनिकांच्या टोप्या घालून रांगेत बसलेले आणि आम्ही बायका एप्रन बांधून तव्याशी. (व्हिएतनामहून परत आल्यावर मी या हॉलची सभासद व्हायला गेले, तर त्यांनी मला सैनिकांच्या बायकांच्या मंडळात घातलं आणि हातात एप्रन दिला. तेव्हा माझं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.)

पहिला नंबर ड्वेनचा. माझा नवरा गुणी माणूस आहे, पण त्याने देशसेवा केली ती जर्मनीत, गोदामातली ब्लँकेटं मोजून. ती त्याने कॅमेऱ्यासमोर पुन्हा मोजली. मग हॉलचा अध्यक्ष रोलंड बसला आणि उठायचं नाव घेईना. शेवटी कंटाळलेली केल्सी प्लेट घ्यायला माझ्याकडे आली आणि निव्वळ सभ्यपणाने म्हणाली, "आजी, आजोबा तिकडे लढाईवर असताना तुम्ही काय करत होता?"

मी म्हटलं, "मी व्हिएतनाममध्ये होते, बाळ. लष्करी इस्पितळात नर्स."

पोरीच्या हातातलं सिरप पॅनकेक सोडून बुटावर सांडलं. तिने मला हाताला धरून थेट कॅमेऱ्यासमोरच्या खुर्चीत नेऊन बसवलं. रोलंड लगबगीने आला. म्हणाला, "मार्लिस, मुलांचा वेळ घेऊ नकोस. तिकडे तव्यावर करपतंय."

"करपू दे," मी म्हटलं.

आणि बाई गं, खरंच करपलं. धुराची घंटा बोंबलायला लागली. बंब बोलवावा तर गावातले सगळे बंबवाले (तुमच्याकडच्यासारखेच बिनपगारी) हातात काटे घेऊन हॉलमध्येच बसलेले. ते धावत बंब आणायला गेले आणि सायरन वाजवत, हेल्मेटं घालून परत आले. तोवर ड्वेनने माझा एप्रन बांधून तवा बाहेर बर्फात फेकलाही होता. मी मात्र खुर्चीवरून हलले नाही. हेलिकॉप्टरं उतरायची तेव्हा याहून मोठा आवाज व्हायचा, आपण कुठे काम थांबवलं होतं? मी बोलत राहिले. जखमींच्या पायांतले बूट कापायच्या कात्र्या, सगळीकडे शिरणारी लाल माती, आईला हाका मारणारी पोरं, सगळं सांगितलं. रडलेसुद्धा. लाज वाटली नाही.

नंतर रोलंडचं म्हणणं पडलं की, घंटेने रेकॉर्डिंग बिघडलंय, ते पुसून टाकावं आणि माझं चार ओळींत, युद्धकाळात मागे घर सांभाळणाऱ्या बायकांच्या भागात घालावं. केल्सी म्हणाली, "आवाजासकट राहील." पुढच्या शनिवारी मी टोपी घालून रांगेत बसणार आहे. रोलंडला पॅनकेक उलटता येत नसतील तर ड्वेन शिकवील.

तुझी,
मार्लिस

ता. क. तुझ्याबरोबर तिथे कोण होतं, असं केल्सीने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. गुरुवारी सकाळी मुलं तुझ्याकडे येतील. मला काही आठवत नाही, असं त्यांना सांगू नकोस. इतकी वर्षं मला तेच सांगत आलीस आणि मी मानल्यासारखं केलं. ओक्लाहोमाचा तो जखमी पोरगा प्राण सोडताना तुझ्या कानात काय बोलला, ते मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. पण ते एकट्या तुझ्यापाशी आहे, लाव्हॉन. आणि आपण दोघी आता म्हाताऱ्या झालो.

ता. क. २. दार उघडलं नाहीस तरी उपयोग नाही. मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते मी मुलांना सांगून ठेवलंय.