काठाला न बांधलेला लाल दोरा

अप्पा, तुमच्या कारखान्यात आता काठाला लाल दोरा कुणी बांधत नाही. तो मी बंद पाडला. मालकांनी सांगितलं नव्हतं, कुणी तक्रारही केली नव्हती. चांगलं करायला गेले आणि हे झालं.

तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही जॉबर होतात, बिघडलेले माग नीट करणारे, आणि तो दोरा हा तुमचाच नियम होता. टॉवेल विणताना धागा तुटला किंवा वीण सुटली, की ज्याच्या हातून झालं त्यानंच तिथे काठाला लाल दोऱ्याची गाठ मारायची. तपासणीच्या बायका गाठ बघून तेवढा टॉवेल बाजूला काढायच्या. ज्या मागावर गाठी वाढल्या, त्या मागापाशी तुम्ही पाना घेऊन जायचात. सातवीत असताना मी एकदा तुमचा डबा घेऊन अक्कलकोट रोडला कारखान्यात आले होते. शेजारच्या मागावरचे मामा गाठ मारत होते. मी सगळ्यांदेखत विचारलं, "अप्पा, यांनी चूक केली, तुम्ही ओरडत का नाही?" मामा हसले. तुम्ही हसला नाहीत. भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत तसाच ठेवून म्हणालात, "आज वरडलो तर उद्या गाठ मारंल का त्यो? मग माग कुटं आजारी हाय, मला कळायचं कसं? आन मोठ्या माणसाला आसं बोलायचं न्हाय." म्हणजे ओरडलात ते मलाच. परत निघताना मात्र गाठ असलेला एक टॉवेल माझ्या हातात दिलात. "ह्यात काय वाईट हाय ते म्हाईत हाय की. म्हणून ह्यो भरवशाचा."

मी पदवीधर झाले, अप्पा. आपल्या घरातली पहिली. तुमची आठवण ठेवून मालकांनी मला सुपरवायझर म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी त्याच मामांनी स्टूल पुसून दिलं आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, "जॉबरची पोरगी हाय, शिकलेली हाय, नीट ऱ्हावा!" मला फार मोठं काहीतरी करायचं होतं. प्रत्येक माणूस याहून चांगलं काम करू शकतो, असं मला मनापासून वाटायचं. म्हणून मी दाराशी फळा लावला. कुणाच्या कापडावर किती गाठी, ते नावासकट. ज्याच्या गाठी सगळ्यात कमी, त्याचा शनिवारी सगळ्यांसमोर हार-नारळ देऊन सत्कार. पहिल्या शनिवारी टाळ्या पडल्या. दीडदोन महिन्यांत गाठी जवळजवळ संपल्या. मी मालकांना अभिमानाने फळा दाखवला. ते म्हणाले, "बापाचं नाव काढलंस."

फळ्यावर शेवटी नाव राहिलं ते मामांचं. ते गाठी मारतच होते. बाकीचे चिडवायचे, "मामा, तुमचं लगीन त्या लाल दोऱ्याशीच लागलंय की ओ!" एक दिवस त्यांनी मला बाजूला बोलावलं. "ताई, माग त्येच, सूत त्येच, माणसं त्येच. मग दोष कुटं गेले?" मी म्हणाले, "मामा, माणसं सुधारतात, यावर माझा विश्वास आहे." ते मागाकडे वळले. त्याच आठवड्यात मी मालकांना लिहून दिलं, की मामांची नजर आता कमी झाली आहे, त्यांना मागावर ठेवू नये. मला ते खरंच वाटत होतं. मालकांनी त्यांना घरीच बसवलं.

मग माल परत आला. गठ्ठ्यांमागून गठ्ठे. सुटलेली वीण, तुटलेले धागे, आणि काठ मात्र सगळे कोरे. तपासणीच्या बायकांची नजर वर्षानुवर्षं गाठ शोधायची. गाठ नाही म्हणजे टॉवेल चांगला. आताच्या जॉबरला कोणता माग बिघडलाय ते कळलंच नव्हतं. गिऱ्हाईक तुटलं. आज निम्मे माग बंद आहेत. चालू आहेत त्यांच्यावरची माणसं मी जवळ गेले की बोलायची थांबतात. फळा मी काढला, लाल दोऱ्याची रिळं पुन्हा प्रत्येक मागावर ठेवली, हात जोडून सांगितलं. महिना झाला. रिळांना कुणी हात लावलेला नाही.

नेत्याच्या मनात जे असतं तेच त्याच्या कामात उतरतं, असं एक उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. माझ्या मनात काय आहे ते मात्र तेव्हा मी तपासलं नाही. तुम्ही गाठ बघून मागाकडे जायचात. मी गाठ बघून माणसाकडे गेले. तोंडाने विश्वास म्हणत होते आणि नावासमोर चुका मोजत होते. त्यांनी माझं तोंड ऐकलं नाही, फळा वाचला. तुमच्याकडे पदवी नव्हती, अप्पा, आणि तुमच्या हाताखाली सतरा माणसं रोज न घाबरता खरं सांगत होती. आता ते परत कसं आणायचं, हे मला येत नाही. कुणाला येत असेल असंही वाटत नाही.

परवा भवानी पेठेत मामांच्या घरी गेले. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेले होते. मामी दवाखान्यात गेल्या होत्या, म्हणून मामांनी स्वतःच चहा ठेवला. गाळण्यातून एक थेंब न सांडता दोन कप भरले. त्या नजरेत काही कमी नव्हतं. बसल्यावर अगदी सहज म्हणाले, "माज्या डोळ्यांचं मालकाला कुणी सांगितलं गं? तुला काय म्हाईत?" मी म्हणाले, "नाही मामा." त्यांनी मान हलवली, चहाचा घोट घेतला आणि एकदम कप खाली ठेवला. "आरं द्येवा, साखर टाकायची ऱ्हायली बग. माजी चूक. थांब, दे हिकडं."

मी कप दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि म्हणाले, "नाही मामा, गोड आहे की."