डबा रिकामा परत येत नाही

१२ जानेवारी
लिही, सुमा. शाळेतल्या हिंदीच्या अक्षरांत आपली मराठी! तू उलटं लिहिलंस तरी मला काय कळणार? म्हणून वाचून दाखवायचं.

आज गावात युवक मंडळ निघालं. आमची सुमा सेक्रेटरी. पुढे हायस्कुलातले विश्वेश मास्तर. म्हैसूरच्या अग्रहार पेठेतून रोज बसने येतात. चाळिशी आली, लग्न नाही, म्हणून लोकांची पोरं गोळा करतात.

"मंडळ कशाला गं?"

"गाव सुधारायला, अज्जी."

गावाने कधी सांगितलं, मला सुधारा म्हणून?

२ मार्च
सुमाने केस कापले! पार कानापर्यंत. म्हणे व्हॉलीबॉल खेळताना आडवे येतात. केस आडवे येतात की आजी? हे पण लिही.

२० एप्रिल
मंडळाने तळ्यातला गाळ काढला. वरलक्ष्मीने सगळ्यांना डबाभर चित्रान्न, लिंबाचा पिवळा भात, करून पाठवलं. वरलक्ष्मी म्हणजे माझी सून, सुमाची आई. माझा शंभू गेल्यापासून तिचं बोलणंच गेलंय.

संध्याकाळी हरिहर डबा परत घेऊन आला. हा मंडळाचा कप्तान. ताडमाड. येता-जाता माझ्या पाया पडतो — इतकं पाया पडणाऱ्याचा मला भरवसा नाही! डब्यात शेवग्याच्या शेंगा. बरोबर आहे, डबा रिकामा परत करू नये. पण शेंगा सारख्या कापून दोऱ्याने बांधलेल्या. पोरं असं बांधतात होय?

आणि सुमा तर शेवगा तोंडात धरत नाही. सगळ्या शेंगा वरलक्ष्मीनेच चोखल्या.

७ जून
झाडं लावली. डबा गेला, डबा आला. आत नंजनगूडची रसबाळी केळी! हरिहरच्या बापाच्या शेतात नुसता तंबाखू. मग ही केळी कुठली?

"सुम्मने दिली असतील, अज्जी," सुमा म्हणते. उगाच म्हणे! उगाच कुणी रसबाळी देत नाही.

८ ऑगस्ट
वरमहालक्ष्मीचा सण. मल्लिगेच्या, आपल्या मोगऱ्याच्या, फुलांना हात लावायची सोय नाही, इतकी महाग. आणि डब्यात मल्लिगेचा गजरा! ओल्या फडक्यात गुंडाळलेला.

"कुणी दिला?" सुमाचं पेनच थांबलंय. थांबू नको, लिही — आजीला संशय आहे. तू आणि हरिहर. दसऱ्यापर्यंत खरं सांग. नाहीतर मंडळ बंद, आणि एच. डी. कोटे गावातल्या तुझ्या मामाला स्थळं बघायला सांगते.

वरलक्ष्मीच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. आज सगळ्यांच्याच हाताला काय झालंय!

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. पोरांनी कुदळी, फावडी मांडून पूजा केली. व्हॉलीबॉललाही कुंकू लावलं. हसू आलं, पण हसले नाही.

सुमा काही सांगत नाही. "मंडळ सोडते," एवढंच म्हणाली. रडली असती तर बरं वाटलं असतं.

१९ ऑक्टोबर
सुमा घरात. तरी डबा जातोच आहे! वरलक्ष्मी म्हणते, "कबूल केलंय, आत्याबाई." कुणाला कबूल केलंय?

२८ डिसेंबर
हरिहर आला. पाया पडला. हातात पत्रिका — त्याच्याच लग्नाची! मुलगी हुणसूरची, त्याच्या मामाची.

"अरे, मग ती केळी? तो गजरा?"

"मी नुसता डबा पोचवायचो, अज्जी. भरायचे मास्तर."

मास्तर!

सुमाच्या डोक्यावरून हात फिरवला. गजरा माळायला जागाच नाही तिथे. माझा तर लिंबाएवढा अंबाडा. या घरात वेणी एकच.

"तुला ठाऊक होतं?" सुमा लिहिता लिहिता मान हलवतेय. आईसाठी माझं सगळं ऐकून घेतलंस? माझ्याच तोंडचं लिहूनही घेतलंस? लबाड! जा, उद्यापासून मंडळात जा.

१२ जानेवारी
मंडळाला वर्ष झालं. सुमा तिकडे गेलीय. आज पेन वरलक्ष्मीच्या हातात दिलंय.

लिही बाई. मास्तरांना निरोप — डबा दुसऱ्याच्या हाती धाडू नका, स्वतः घेऊन या. पुढच्या दाराने. गजरा आणलात तर मी माळीन तिच्या वेणीत.

थांबलीस का? लिही. अक्षर हललं तरी चालेल. मला कुठे वाचता येतं!