मागे उंच टेकडी हवी

व्हर्ल,

सरकारी जमिनीचा नकाशा घेऊन मी नेमबाजीची जागा बघायला चाललेय. आपल्या तीन जुन्या जागा गेल्या, ही चौथी. पहिलीला कुंपण पडलं, दुसरीवर घरं उठली. तिसरीवर तू म्हणालास, "लारू, चाळीस वर्षं इथंच डबे उडवतोय, आता कोण अडवणार?" अडवत कुणी नाही रे, पण डब्यांच्या मागून आता सायकलींची वाट जाते. रविवारी तुला ती दिसली नाही. त्या वाटेवरची लाल टोपीवाली पोरगीही दिसली नाही. मला दिसली.

या जागेमागे गोळ्या अडवायला मातीची उंच टेकडी असली तरच मी हो म्हणेन.

चीजमधले बटाटे ओव्हनमध्ये आहेत. काडतुसं शोधत बसू नकोस, ती माझ्या गाडीत आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मंगळवारी दहाला जायचंय. जागा त्यानंतरच दाखवीन.

लारू