जिवंत मुलीचे दिवस घालताना

प्रिय थोआ ताई,

परवा फोनवर तू हमसून हमसून रडत होतीस आणि मी नुसती ‘हं, हं’ करत राहिले. तुला वाटलं असेल, हिच्या काळजाचा दगड झाला. तसं नाही गं. आपल्या फोनवर आपण दोघीच नसतो. तिसरं कुणीतरी असतं. जरा शांतता पडली की त्याचा श्वास ऐकू येतो. एकदा तर तो शिंकला आणि मी सवयीने ‘शंभर वर्षं जग’ म्हणून गेले. म्हणून हे पत्र. आमच्या समोरच्या केस कापायच्या दुकानातली म्वी तुला आठवत असेल. तिचा भाचा तुमच्या प्रागला कामाला निघालाय, त्याच्या हाती देतेय. ख्वे गेली म्हणून तू रडत होतीस. ती गेली की नाही हे मला, तिच्या आईलाही, ठाऊक नाही. ते कसं, हेच सांगायला बसलेय.

तिला पकडलं ते तुला माहीत आहे. रविवारी सकाळी ती आणि तिच्या शाळेतल्या दोघी-तिघी शिक्षिका तळ्याकाठच्या बागेत चटई टाकून बसायच्या, चिकट भात खायच्या आणि आळीपाळीने राज्यघटना वाचायच्या. मोठ्याने, एवढंच. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पुस्तक सरकारने छापलेलं, बाग सरकारची, वाचणारी सरकारी शाळेतली बाई. लोकांना बोलायचा आणि जमायचा हक्क आहे, असं लिहिलेलं पान वाचत होती, तेव्हाच उचलली. मी तिला आधी चिडवायचे, अगं, औषधाच्या बाटलीवरचा कागद कुणी असा गावाला ऐकवतं का? तर म्हणायची, ‘आई, औषध लागू पडत नसेल तर कागद वाचायला नको?’ तोंडाने फटकळ, माझ्यावरच गेलीय. त्यानंतर अकरा महिने तिचं तोंड पाहू दिलं नाही. वकील नाही, चिठ्ठी नाही. महिन्यातून एकदा कोठडीच्या खिडकीवर तीळ-शेंगदाण्याचं कूट आणि धुतलेले कपडे द्यायचे. आतून एक हात येई आणि पिशवी ओढून घेई. पिशवी घेतात म्हणजे खाणारं कुणी आहे, एवढ्या आधारावर मी दिवस काढत होते.

गल्लीने मला तेव्हाच वाळीत टाकलं होतं. तसं भांडण कुणाशीच नव्हतं. समोर चहाच्या टपरीवर हेल्मेट घातलेली दोन माणसं, साध्या कपड्यांतले पोलीस, दिवसभर बसायची, बसूनही हेल्मेट काढायची नाहीत. त्यांच्यादेखत मी दारात विकते त्या खेकड्याच्या रश्शातल्या शेवया खायला कोण येणार? हळूहळू लोक माझ्याकडे बघेनासे झाले, आणि मग ताई, त्यांना मी दिसेनाशीच झाले. म्वीसारखी म्वी, तिच्या पोरांना मी न्हाऊ घातलंय, ती माझ्या अंगाला अंग घासून जायची आणि तिच्या पापणीचा केससुद्धा हलायचा नाही. एकदा कुलपात कुणी गोंद ओतला. मी दिवसभर दाराबाहेर उभी होते आणि गल्ली माझ्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिली. आपण मेलो तर नाही ना, असं मनात येऊन मी स्वतःला चिमटा काढला.

मग एका दुपारी मोटारसायकलवर मागे फुलांचं मोठं चक्र बांधून एक माणूस आला, मयताला देतात तसलं. म्हणाला, ‘काकू, मयत कुठल्या खोलीत?’ पट्टीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘ख्वे हिला अखेरचा नमस्कार.’ खाली पाठवणाऱ्याचं नाव नाही. तो बिचारा नुसता पोचवणारा, पैसे मिळाले होते, ठेवून गेला. टपरीवरची दोघं माझ्याकडे बघत होती. मला धमक्यांची सवय झालीय, पण हे काय होतं ते कळेना. ही चेष्टा होती की निरोप? जिवंत माणसाच्या दारात लोक चक्र ठेवतात, घाबरवायला, हे मी ऐकलं होतं. आणि ती खरंच गेली असेल, तर तेही हे असंच कळवतील.

दुसऱ्या दिवशी कोठडीच्या खिडकीवर पिशवी ठेवली. हात बाहेर आला आणि पिशवी परत माझ्याकडे सरकवली. मी वाकून आत विचारलं, माझी मुलगी जिवंत आहे का? आत बराच वेळ कागद उलटले. मग आवाज आला, ‘ते वरून विचारून सांगावं लागेल.’ जिवंत आहे का हेसुद्धा वरून विचारावं लागतं! मला हसू फुटलं, खोटं नाही सांगत. हसत हसतच तिथल्या पायऱ्यांवर बसले, आणि तिथे ठरवलं. मेली असेल तर देह द्या, नसेल तर दाखवा. दोन्ही करत नसाल, तर मी तुमच्याच चक्राचा मान ठेवते.

मी ख्वेचा मृत्यूविधी मांडला. तिचा शाळेतला फोटो, वाटीभर भात, त्यावर उकडलेलं अंडं, आणि भिंतीला टेकवून ते चक्र. पिपाणी आणि ढोलवाले बोलावले. पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना पोचवायचं, याहून उलटा न्याय नाही. पण ढोल वाजला मात्र, आणि म्वी रस्ता ओलांडून आली. पाठोपाठ अख्खी गल्ली आली. जिवंत माणसाच्या घरी जायला भीती असते, मयताच्या दारात जायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही. मेलेल्याचं देणं शेवटचं देणं, ते कुणी चुकवत नाही. म्वी माझ्या गळ्यात पडून रडली, म्हणाली, ‘न्यान, मला माफ कर, माझ्या पोराची नोकरी सरकारी आहे गं.’ हेल्मेटवाल्यांपैकी एकाने हेल्मेट काढलं. डोकं अगदी कोवळं होतं त्याचं, परवाच केस कापल्यासारखं.

उदबत्ती अर्धी झाल्यावर मी आईची ती दोन नाणी काढली, एका बाजूला चुना लावलेली. तुला काय सांगायचं, तूच मला शिकवलंस. एक पांढरं, एक काळं पडलं की गेलेला आला आणि त्याने ताट मानलं. दोन्ही सारखी पडली तर नाही. मी विचारलं, ख्वे, आलीस का बाळा? जेवलीस का? दोन्ही पांढरी. पुन्हा टाकली, दोन्ही काळी. तिसऱ्यांदा पुन्हा पांढरी. मग म्वी हळूच म्हणाली, ‘पोर आलेली नाहीये. ती त्या बाजूला नाहीच आहे.’ ताई, आपल्या घरच्या मयतात कुणी आनंदाने तोंड दाबून रडताना तू पाहिलंयस का? मी पाहिलं.

आता खरी गंमत ऐक. ती मेलेली नाही हे गल्लीला कळलं, तरी पुढच्या सातव्याला, सातव्या दिवशीच्या विधीला, सगळे परत आले. न बोलावता. एरवी चार माणसं जमली की नावं लिहून घेतात, पण सात आठवडे दर सातव्याला आणि मग शंभराव्या दिवशी मयताच्या घरी जमायला कोण अडवणार? म्वी देवळात मंत्र म्हणते, तिचा आवाज गोड आहे. तिने लाकडी ठोकळा वाजवत त्याच संथ चालीत ख्वेची राज्यघटना म्हणायला सुरुवात केली. पान पान, कलम कलम. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, मृतात्म्याच्या शांतीचा पाठ चाललाय. टपरीवरच्या त्या कोवळ्या डोक्याच्या पोलिसाचे ओठ म्वीच्या चालीवर हलताना मी स्वतः पाहिले. आणि दर सातव्याला मी नाणी टाकी, आणि दर वेळी ती नाही म्हणत.

पण मला भीतीही वाटायला लागली. जिवंत लेकीच्या नावाने दर आठवड्याला भात वाढायचा, चॉपस्टिक मांडायच्या, तिला हाक मारायची. बोलावलं की एखादे दिवशी येतात ना माणसं? रात्री ते अंडं कुणी उष्टं केलंय का, ते मी बघायला लागले होते.

पाचव्या सातव्यानंतर वॉर्डाचा प्रमुख त्वान आला. खुर्चीवर न बसता म्हणाला, ‘वहिनी, तुम्ही पोरीचे दिवस घालताय आणि शहरभर बोभाटा झालाय की कोठडीत मुलगी मेली. चला, दाखवतो तुम्हाला. मग हा तमाशा बंद करा.’ काचेपलीकडे ख्वे बसली होती. केस कापलेले, गालांची हाडं वर आलेली, इतकी निश्चल की मला वाटलं, खुर्चीत फोटोच ठेवलाय. मी बोलायला लागले तशी माझ्या श्वासाने काच धुरकटली. तिच्या बाजूची काच मात्र स्वच्छच राहिली. तिकडे एसी असेल, असं मी मनाला सांगितलं. मी विचारलं, खातेस का? तिने काचेजवळचा फोन कानाला लावला आणि एवढंच म्हणाली, ‘आई, हे मला म्हणाले की तू माझे दिवस घालतेयस. छान करतेयस. माझा शंभरावा दिवस चुकवू नकोस.’ तिथेच फोन कापला. कुठल्या आईने असं ऐकलं असेल सांग? आणि तरीही कुठेतरी माझी छाती फुगली.

त्वानची अट होती, वॉर्डाच्या भोंग्यावरून मी माझ्या तोंडाने सांगायचं की सगळी अफवा होती. मग दर महिन्याला भेट. मी म्हणाले, माझी लेक जे सांगते ते मी ऐकते. मग भोंगाच रोज संध्याकाळी ओरडू लागला, ‘ख्वे जिवंत असून तिची प्रकृती उत्तम आहे.’ लोक म्हणाले, सरकार एवढं ओरडून सांगतंय म्हणजे पोर नक्की गेली. दुसऱ्या गल्ल्यांतून माणसं यायला लागली. सातव्या सातव्याला माझ्या दारापासून टपरीपर्यंत माणसं मांडीला मांडी लावून बसली होती, म्वी एक ओळ म्हणे आणि रस्ता ती ओळ परत म्हणे.

त्या दिवशी मी बशीत नाणी टाकली. एक पांढरं, एक काळं.

म्वीने पटकन बशीवर हात ठेवला, ‘धक्का लागला असेल, पुन्हा टाक.’ पुन्हा टाकली. एक पांढरं, एक काळं. तिसऱ्यांदा टाकायचं धैर्य मला झालं नाही. त्याच संध्याकाळी भोंग्याने तिचं नाव घेतलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टपरीवर आता कुणी बसत नाही, दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. काल खिडकीवर पिशवी ठेवली, तर आतून हातच आला नाही. मी संध्याकाळपर्यंत उभी होते.

ताई, नाणी म्हणजे शेवटी दोन पत्र्याचे तुकडे, हे मला कळतं. पण भोंगा गप्प का झाला, हे मला कोण सांगणार? इथे आम्ही विचारू तेवढं विचारतोय, आणि तिने सांगितलं तसा शंभरावा दिवस मी घालणारच, मला नेलं तर म्वी घालेल. पण आता आमचा आवाज त्या खिडकीपलीकडे जात नाही. तू फोनवर म्हणालीस ना, की ख्वेचा फोटो तू तिथे आई-बाबांच्या शेजारी मांडलायस आणि रोज उदबत्ती लावतेस. तो फोटो खाली काढ. आजच काढ. छातीशी धर आणि तिथल्या आपल्या देशाच्या वकिलातीच्या दारात जाऊन उभी राहा, तू दुकान लावतेस त्या बाजारातल्या आपल्या सगळ्या बायकांना घेऊन. आरडाओरडा करू नका. कुणी सांत्वन करायला आलं तर घेऊ नकोस. फक्त एवढंच म्हणत राहा की ही आमची मुलगी आहे, हिला दाखवा.

तुझीच,
न्यान