नववा नंबर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमच्या दवाखान्यात आता डॉक्टरांचाही निकाल लागतो. कुणाच्या किती पेशंटचं ब्लडप्रेशर आटोक्यात आहे, याचा तक्ता चौकशीच्या खिडकीशेजारी टांगलाय. पहिल्या तिघांना पगारासोबत बक्षीस. नऊ जणांत मी नववा. पहिल्या नंबरच्या डॉक्टरीणबाई माझ्या नंबराची इतक्या हळुवारपणे चौकशी करतात, की माझंच प्रेशर चढतं.

माझा आकडा बुडवणारे मोजकेच आहेत. त्यांचे म्होरके सुतारकाका. तीन वर्षं गोळ्या घेतो म्हणतात, पण मशीन त्यांना दुजोरा देत नाही. त्यांना गोड बोलून दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवावं म्हणतो. त्यांचंही भलंच होईल, नाही का?

लोभ आहेच, निकाल ऐकून आटू देऊ नकोस.
धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

भलं कुणाचं, ते मला शिकवू नकोस. मुख्याध्यापिका असताना मीही नापास होणारी सहा मुलं परीक्षेआधी दुसऱ्या शाळेत धाडली होती. निकाल शंभर टक्के लागला, माझा सत्कार झाला. पुढे त्यांतली एक मुलगी बाजारात भेटली. बाई, मला का हो घालवलंत, म्हणाली.

गोळ्या घेता ना, असं विचारलं तर माणूस हो म्हणणार नाही तर काय? काकांना नीट विचार.

माझा लोभ गुणांवर नाही.
ताई

९ मे

ती. ताईस,
सा. न.

काकांना गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावली. निम्म्याहून जास्त शिल्लक! म्हणाले, गोळी घेतली की उभं राहताना अंधारी येते. एकदा करवतीखालून बोट थोडक्यात वाचलं. म्हणून ते फक्त सुट्टीच्या दिवशी घेत. सांगितलं का नाहीत, विचारलं; तर म्हणाले, तुम्ही कागदावरून मान कधी वर केलीत? मी ओशाळलो. गोळी बदलली, प्रेशर उतरलं.

मग प्रत्येकाची पिशवी ओतून घेऊ लागलो. त्यात कळलं, की चार हट्टी पेशंट डॉक्टरीणबाईंनीच, माझा स्वभाव प्रेमळ असं सांगून, माझ्याकडे वळवले होते! परत पाठवणार होतो, पण तुझी ती मुलगी आठवली. ठेवून घेतले.

या महिन्यात मी आठवा. बक्षीस नाहीच. काकांनी तक्ता चष्मा लावून वाचला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, उतार पडतोय डॉक्टर. आता मध्येच सोडू नका.

लोभ वाढवलास तर नाही म्हणणार नाही.
धाकटा