किलव्हारनॉकचा शेवटचा अर्ल

३ ऑक्टोबर १९२१
पोचले एकदाची. घर बाहेरून तुरुंगासारखं दिसतं, पण माझ्या खोलीत शेकोटी पेटलेली होती आणि स्वयंपाकीण मिसेस टॉशॅकने आल्या आल्या बार्लीचं सूप आणि गरम ओटकेक पुढ्यात ठेवले. पर्थच्या शाळेत पोरींपुढे घसा फोडण्यापेक्षा एका म्हाताऱ्या बाईंना सोबत करणं केव्हाही बरं. बाईसाहेब म्हणाल्या, मास्तरीण म्हटल्यावर कोणीतरी काठीसारखी येणार असं वाटलं होतं, तू तर चांगली गुबगुबीत निघालीस. मला त्या आवडल्या.

७ ऑक्टोबर
काम कळलं. गावच्या चर्चमध्ये एक शिळा बसवायची आहे आणि तिच्यावरचा मजकूर मी लिहायचा आहे. किलव्हारनॉकचं अर्लपद, म्हणजे या घरची पिढीजात सरदारकी, आता संपलं. घराण्यात पुरुष उरला नाही.

चहा घेताना बाईसाहेबांनी सगळं सांगितलं. पहिल्या अर्लचं कुळ बंडखोर होतं. राजा त्याला म्हणाला, तुझं नाव टाकून दे, मी तुला पदवी देतो. त्याने टाकलं. त्याची आई फाटकाशी उभी राहून त्याला नावाने हाका मारत राहिली, तो वळला नाही. तेव्हापासून घराची रीत पडली. अर्ल झाला की माणसाचं नाव संपलं. आईनेसुद्धा त्याला किलव्हारनॉकच म्हणायचं. थडग्यांवरही तेवढंच.

बाईसाहेबांचे तिन्ही मुलगे युद्धात गेले. थोरला गेल्याची तार आली त्या सकाळी त्यांनी मधल्याला न्याहारीच्या टेबलावर किलव्हारनॉक म्हटलं. मधला गेला, मग धाकट्याला. तो एकोणीस वर्षांचा होता. आई, तू तरी मला नावाने हाक मार ना, असं म्हणाला होता म्हणे. बाईसाहेबांनी नुसतं अंडं सोलून त्याच्या बशीत ठेवलं.

शिळेवर घालायला मी तिघांची नावं विचारली. त्या शांतपणे म्हणाल्या, ती मला आठवत नाहीत.

८ ऑक्टोबर
मिसेस टॉशॅकलाही आठवत नाहीत. मी म्हटलं, अहो, तुमच्या अंगाखांद्यावर वाढली ना ती पोरं? ती म्हणाली, एफी, मला छळू नकोस गं. आणि पीठ मळता मळता रडायला लागली.

१२ ऑक्टोबर
चर्चमधल्या नोंदी पाहून आले. तिघांच्या बाप्तिस्म्याची नोंद स्वच्छ अक्षरात आहे. मोठ्याने वाचली. साधी, छान नावं आहेत. पाद्रीबुवाही मान डोलावत होते. पूल ओलांडेपर्यंत एकही डोक्यात उरलं नाही. परत गेले, वाचलं, आणि या वेळी तिथेच उभी राहून या वहीत लिहून घेतलं —

थोरला:
मधला:
धाकटा:

मी लिहिलं होतं. कागदावर टाकाचे ओरखडे हाताला लागतात. शाई नाही.

१५ ऑक्टोबर
आज चहाच्या वेळी दिवाणखान्याबाहेर पावलं वाजली. जड बूट, एक पाय ओढत. दाराशी येऊन थांबली. बाईसाहेबांनी कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, किलव्हारनॉक? पावलं माघारी गेली.

मी दार उघडलं. गालिच्यावर पिवळा चिखल. आपल्याकडची माती काळी आहे.

बाईसाहेब म्हणाल्या, रोज येतो. त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं असतं गं. माझ्याकडे तेवढंच आहे.

१९ ऑक्टोबर
पर्थला परत जायचं ठरवलं होतं. ट्रंकही भरली. पण बाईसाहेब अंथरुणाला खिळल्यात आणि माझा हात सोडत नाहीत. आता पावलं त्यांच्या निजायच्या खोलीपर्यंत येतात. त्या अंदाजाने एकेक नाव घेऊन बघतात — जेम्स, ह्यू, अलास्डर — दाराबाहेर नुसता श्वास. मग निघून जातो. त्या तोंडावर पांघरूण ओढून घेतात.

२३ ऑक्टोबर
डॉक्टरांनी आशा सोडली.

दुपारी त्या एकदम हसल्या. म्हणाल्या, धाकटा तळ्यातून बाहेरच निघायचा नाही मेला, ओठ निळे पडायचे. मी काठावरून ओरडायचे — बेडक्या, ये बाहेर, बेडक्या. एफी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून राहिलं बघ.

मला म्हणाल्या, उशीला टेकवून बसव, केस नीट कर. तो यायची वेळ झाली होती. दाराकडे बघत बसल्या.

पावलं जिन्यावर वाजली तेव्हा त्या गेलेल्या होत्या. डोळे दाराकडेच. तो वाट बघून गेला.

२६ ऑक्टोबर
दफन झालं. मिसेस टॉशॅक बहिणीकडे गेली. गाडी उद्या येईल. मी एकटी.

पावलं — आज सगळ्या खोल्यांपुढे. एकेका दाराशी थांबतो. ऐकतो. पुढे जातो.

माझ्या दाराशी —

मला राहवलं नाही. इतकी वर्षं दारोदार — मी हाक मारली. बेडक्या.

गेला नाही.

आई? म्हणाला. किती कोवळा आवाज आहे. म्हणाला, आई, मी आलो, मला थंडी वाजतेय.

चिखल दाराखालून आत येतोय. जिन्यावर आणखी पावलं — खूप — सगळे अर्ल, सगळ्यांना हाक हवीय —

दाराची मूठ फिरतेय. मी आई नाही रे, हे त्याला कसं —