वरसे येथील घर रिकामं नाही

आधी हे लिहून घ्या, मग माझं नाव. मी जिवंत असताना माझ्या नातवाने माझं अंथरूण अंगणात टाकलं, तीन दगड मांडून त्यावर पाण्याचं पातेलं चढवलं, आणि सगळ्या गावाने मला मेलेली धरलं. आपल्याकडची रीत ज्याला ठाऊक नाही त्याला सांगते: माणूस गेलं की त्याचं अंथरूण बाहेर टाकतात, आणि अंगणात असं पाणी तापतं ते मढ्याला आंघोळ घालायला. आता नाव लिहा.

मी गिरजाबाई हैबतराव खरिवले, वय पंचाहत्तरच्या पुढे, धंदा शेती, राहणार वरसे, तालुका रोहा, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करते. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो कमी पडला तर माझी जाऊ धोंडुबाई हिला विचारा, तिचं कुठलंच बोलणं मी विसरलेली नाही. शाळा दुसरीपर्यंत, म्हणून हे रोह्याला कचेरीबाहेर टाइप करून घेतलं आणि ओळ न् ओळ परत वाचायला लावली. टाइपवाल्याने माझे शब्द मऊ केले होते. ते होते तसे करवून घेतले.

कलम १. वरसे येथील कौलारू घर, ओटी, परसू आणि मागची वालाची पट्टी मी माझ्या पाटल्या मोडून घेतली. खरेदीखत माझ्या नावाचं. नवरा त्या दिवशी कचेरीत सोबत आला होता, तेवढाच त्याचा संबंध. त्यामुळे यात कोणाचा हिस्सा निघत नाही. मुलगा दिनानाथ पेणला रामवाडीत फ्लॅटमध्ये राहतो. आजूबाजूला प्लॉट पडले, घर विकून टाक म्हणतो. मी नाही म्हटलं की म्हणतो, "आई, तू आहेस तोवर राहा. मग बघू." ते 'मग' कसं असतं ते मी गेल्या कार्तिकात पाहिलं.

कलम २. ते पुढीलप्रमाणे.

दिनानाथचा मुलगा शिवा कंपनीत शिफ्टला जातो आणि सुट्टीला पडक्या जागांचे फोटो काढतो. बंद पडलेली भातगिरणी, पुरानंतर लोकांनी सोडलेली नागोठण्याकडची चाळ. नुसत्या जागेवर त्याचं भागत नाही. तिथे फुटकी बाहुली ठेवतो, भुसा उधळतो, मित्राला रबरी मुखवटा घालून बसवतो, आणि म्हणतो हा जग संपल्यानंतरचा देखावा. लोक घर झाडून फोटो काढतात, हा घाण आणून टाकतो. माझं माहेर नागोठण्याचं. आंबा नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं. ते उतरलं तसा आईने आधी झाडू शोधला. याच्या फोटोत चिखल काढणारं कोणी नसतं.

कार्तिकात येऊन म्हणाला, "आजी, जगातली शेवटची बाई होशील?"

मी म्हटलं, "भात झोडून झालं की होईन."

वर्षातून दोनदा तोंड दाखवणारा नातू, दिवसभर थांबतो म्हणाला, म्हणून कबूल झाले. छप्पर कोसळेल म्हणून शेवटची बाई अंगणात निजते, तिथेच रांधते, अशी त्याची गोष्ट. म्हणून अंथरूण बाहेर, चूल बाहेर. "अरे, हे असं मांडत नाहीत," मी सांगितलं. "फोटोत भारी दिसतं, आजी." मला ओटीवर भिंतीला टेकवलं, मुखवटा चढवला, अंगावर गोणपाट. तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली. "हलू नको, सगळं बिघडेल," असं सांगून ती चार्ज करायला मोटरसायकलवरून रोह्याला गेला, गावात वीज नव्हती.

रस्त्याने धोंडुबाई चालली होती. अंगण बघून ती फाटकातच बसली. "अगो गिरजे गो, गेलीस गो मला टाकून!" गळा चांगला काढला, त्याला नाव ठेवत नाही. बाया जमल्या. मग हुंदका गिळून त्याच दमात म्हणते, "तिच्या पाट्यावरचा वरवंटा माझा हाय, कोनी उचलू नका." मी उठणारच होते. वरवंट्याचं ऐकलं आणि गोणपाट तोंडावर ओढून घेतलं. म्हटलं, आता सगळंच ऐकू.

दिनानाथला फोन गेला. तो गाडी करून आला, सोबत प्लॉटवाला एजंट. ओटीची पायरी चढला नाही. तुळशीपाशी उभा राहून एजंटला म्हणाला, "आता अडचण नाही. दिवस झाले की मोजणी बोलवा." हा माझा मुलगा. रडला असेल तर गाडीत रडून आला असेल.

वर चढली ती ठमी. ठमी चंदर हिलम, कातकरीवाडीतली, माझ्याकडे लावणी-कापणीला येते. "तू कुठं चाललीस गो वर?" धोंडुबाईने हटकलं. ठमी सरळ माझ्यापाशी आली. माझ्या पावलाला हात लावला.

"पाय गरम हाय. म्हातारी जिती हाय. पानी द्या कुनीतरी."

कोणी हललं नाही. तीच आत जाऊन घेऊन आली. मी मुखवट्यासकट उठून बसले. एजंट तुळशीची कुंडी लाथाडून पळाला. ती अजून कोणी भरून दिलेली नाही. दिनानाथ कानाचा फोन न काढता म्हणाला, "आई, हा काय तमाशा?" तमाशा माझा! त्याच वेळी शिवा परत आला आणि आजीला काय झालं हे न विचारता कॅमेरा लावला.

त्या फोटोला पेणच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. धोंडुबाईचं उघडं तोंड, दिनानाथ फोनवर, मागे मी. खाली लिहिलं, 'जगाचा शेवट, एका विसरलेल्या घरात.' कोणी विसरलेल्या? मी ते रोज सारवते. तेव्हापासून रविवारी अनोळखी पोरं कॅमेरे घेऊन येतात आणि फाटकातून विचारतात, "कोणी आहे का?" मी "आहे" म्हटलं की त्यांची तोंडं पडतात. एकाने तर विनंती केली, "आजी, थोडा वेळ आत जाऊन बसता का?"

कलम ३. म्हणून घर, परसू आणि वालाची पट्टी माझ्या मागे ठमी चंदर हिलम हिच्या पूर्ण मालकीची. आदिवासीच्या नावावर गेलेली जमीन कलेक्टरांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, असं वकील म्हणाले. ते ऐकून मी त्यांच्याकडे दुसरा चहा मागितला. ठमीला सांगितलं तर म्हणाली, "मला नको, आजी. तुझा लेक मला राहू देल काय?" नाही देणार, म्हणूनच हा कागद रजिस्टर करते. यात माया वगैरे नाही. आत माणूस आहे की नाही हे तिने हात लावून बघितलं, एवढंच.

कलम ४. दिनानाथला ते अंगणातलं अंथरूण.

धोंडुबाईला वरवंटा. पाटा घराबरोबर ठमीकडे जाईल. पाट्याशिवाय वरवंट्याचं काय करायचं ते तिने बघावं.

शिवाला मुखवटा. घराचा फोटो काढायचा असेल तर चूल पेटलेली आणि कौलांतून धूर निघत असताना काढायचा, आणि खाली राहणारीचं नाव घालायचं.

बँकेत जे असेल त्यातून सरणाची लाकडं आणावीत आणि उरेल ते घराची कौलं शाकारायला लावावं. बाराव्याचं जेवण घालू नये. माझ्या नावाने रडून झालं आहे.

साक्षीदार, ज्यांना यातलं काही मिळत नाही:
१. काळुराम, किराणा दुकानदार, वरसे (सही)
२. मैना, अंगणवाडी ताई, वरसे (सही)

ठिकाण: रोहा. तारीख: १२ फेब्रुवारी २०१८.

ही शेवटची ओळ माझ्या सहीच्या वर घ्यायला सांगितली आहे. माझ्या मागे फाटकातून कोणीही "कोणी आहे का?" म्हणून हाक मारली, कॅमेरेवाल्याने, मोजणीवाल्याने, कोणीही, तर ओ ठमीने द्यायची. ती वावरात असेल तर तिची सून आवडी हिने द्यायची, रस्त्यावर ऐकू जाईल अशी. दिनानाथने द्यायची नाही. त्याने फाटकाबाहेर उभं राहून ऐकायची.

(सही) गिरजाबाई हैबतराव खरिवले